मागे सीट नसलेली गाडी

पुढे जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचा प्रश्न नव्हता, कारण तोवर ती माझी बायको राहिली नव्हती. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याशी मी दर शनिवारी फोनवर बोलतो, आणि दर शनिवारी तब्येतीच्या चौकशा करून फोन ठेवतो. ते म्हणजे सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तेव्हा खालच्या मजल्यावर राहणारे काका. सबंध अमेरिकेत पडणारा बर्फ आपल्यालाच उद्देशून पडतो, अशी प्रामाणिक समजूत असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. डोंगरात दोन फूट बर्फ पडल्याची बातमी आली की काका घरचं पत्र आल्यासारखे खुलायचे. आणि हा माणूस मूळचा नागपूरचा! उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून शाळेत गेलेला. तो कांदा त्यांनी अमेरिकेतही सोडला नाही. उणे दहा तापमानात जाकिटाच्या आतल्या खिशात एक लाल कांदा असायचाच. "उन्हाला चालतो, तर थंडीला कायले नाही चालणार?" असं त्यांचं म्हणणं.

आमची ओळख लॉन्ड्रीरूममध्ये झाली. घटस्फोटाला चार महिने झाले होते, मुलगी आईबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला गेली होती, आणि मी ड्रायरच्या गोल काचेतून माझेच शर्ट फिरताना बघत बसलो होतो. शेजारच्या मशीनमधून एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ माकडटोप्या बाहेर काढत होते. एक नाही, सात. कॅलिफोर्नियात, ऑक्टोबरात. मी बघतोय हे पाहून त्यांनी विचारलं, "मराठी?" मी मान हलवली.

"शनिवारी काय करून राहिला तू?"

"काही नाही."

"रविवारी?"

"काही नाही."

"मग डोंगरात चल. तिथंही काही नाही, पण पांढरं आहे."

असा मी स्नोमोबाइलवर बसलो. काकांची स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रुंद पट्टा आणि मध्ये दोघांना ऐसपैस बसता येईल अशी लांब सीट. तिच्या मागच्या दांड्याला काकूंच्या नारिंगी साडीचा एक तुकडा निशाणासारखा बांधलेला. काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. गाडीचं वजन एवढं, की मऊ बर्फात एकदा रुतली की एकट्याला जागची हलत नसे. म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं होतं सासरेबुवा. "एकदा बसले की दोघांनी दोन बाजूंनी धरल्याशिवाय उठत नाहीत." तिच्याशी ते बोलायचेही अहोजाहो करून. हेल्मेटखाली माकडटोपी, हातात फावडं, आणि कमरेएवढ्या बर्फात उभे राहून म्हणत असायचे, "उठा, सासरेबुवा, उठा. मंडळी जेवायची थांबली आहेत." सासरेबुवा दिवसातून चार वेळा तरी बसायचे. दर वेळी अर्धा तास खणायचं, एक-दोन-तीन म्हणून ओढायचं, मग दोघांनी आडवं पडून धापा टाकायच्या. पुढच्या वर्षी मी स्वतःची एक जुनी स्नोमोबाइल घेतली. मग बसायला सासरेबुवांना जोडीदार मिळाला आणि आमचं खणणं दुप्पट झालं.

आता वाटतं, आमचं सगळं महत्त्वाचं बोलणं हातात फावडं असतानाच झालं. मुलगी माझे फोन उचलत नाही, हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो ते एका खड्ड्यात उभा राहून. काकांनी खणणं थांबवलं नाही. "उचलेल," म्हणाले. "तू करत राहा. माती लागेपर्यंत खणायचं असते." काकूंच्या शेवटच्या महिन्याबद्दलही त्यांनी मला असंच सांगितलं, सासरेबुवांच्या पट्ट्याखालचा बर्फ उपसता उपसता, माझ्याकडे न बघता.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र काका भलतेच कर्मठ. डोंगरात जाणारे सगळे छातीवर एक बीकन बांधतात. माणूस कोसळत्या बर्फाखाली गाडला गेला, तर त्याच्या बीकनचा संकेत पकडून बाकीच्यांनी त्याला शोधायचं. याचा सराव लोक वर्षातून एकदा करतात. काका दर शनिवारी करायचे. आणि नुसता बीकन पुरणं त्यांना मंजूर नव्हतं. स्वतः वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घ्यायचा, त्याला बीकन बांधायचा, मला पाठमोरं उभं करायचं आणि डबा कुठेतरी बर्फात खोल पुरायचा. मग घड्याळ हातात. "पंधरा मिनिटं! त्याच्यावर गेला तर लाडू माझे. खालचा माणूस तुझी वाट बघत बसत नसते." पहिले दोन महिने मला लाडवाची चव कळली नाही. मी बर्फात रांगत असताना काका शेजारी उभे राहून, डब्यातला माणूस आता काय विचार करत असेल, ते मोठ्याने बोलून दाखवायचे. "कुठं राहिला हा? चहा प्यायला गेला काय?"

आणि तो रेडिओ. प्रत्येकाच्या खांद्याच्या पट्ट्याला एक छोटा रेडिओ, चॅनल चार. झाडीत आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो की दर दहा मिनिटांनी त्यातून खरखरत आवाज यायचा, "आहेस का बे?" त्यावर मी म्हणायचं, "आहे, काका." एवढंच. एकदा मी गमतीने गप्प राहिलो, तर काका सबंध उतार उलटा चढून आले, मला धडधाकट पाहिलं आणि तसेच मागे फिरले. परतीच्या चार तासांच्या प्रवासात त्यांनी घाटभर फक्त एकोणतीसचा पाढा म्हटला. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. घरी उतरताना म्हणाले, "ही चेष्टा पुन्हा नाही करायची."

चौथ्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये मला तिघं जण भेटले, पस्तिशीच्या आतले. त्यांच्याकडे स्नोबाइक होत्या. साधी मातीत चालवायची मोटरसायकल घ्यायची, पुढचं चाक काढून तिथे एकच स्की बसवायची, मागचं चाक काढून अरुंद पट्टा. झाली स्नोबाइक. एकाने मला चक्कर मारू दिली. काय सांगू! जिथे सासरेबुवा मानच टाकायचे त्या दाट झाडीतून ती सुईसारखी निघाली. आडव्या उतारावर नुसतं अंग कललं तरी वळत होती. आणि मुद्दाम खोल बर्फात घालून पाहिली, तर मी एकट्याने ओढून बाहेर काढली. एकट्याने. पुढच्याच महिन्यात मी माझी स्नोमोबाइल विकली. सगळ्यांना सांगितलं, पाठ दुखते. पाठ दुखत होती, खोटं नाही. पण मला खरा आनंद झाला तो आता कुणाची मदत लागणार नाही याचा. कुणासाठी थांबायला नको आणि कुणी आपल्यासाठी थांबायला नको.

काकांनीही बदलावं म्हणून मी फार मागे लागलो. पार्किंगमध्ये त्यांनी माझी बाइक चालवून पाहिली आणि पन्नास फुटांत तीनदा पडले. उठून टोपी नीट केली, कांदा शाबूत आहे का ते चाचपलं, आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "छान आहे. जावयासारखी आहे. सडपातळ, हुशार, कोणाचं ऐकत नाही." मग सीटवर हात ठेवून म्हणाले, "पण मागे सीट नाही बे हिला."

"कशाला हवी, काका? ज्याची त्याची वेगळी."

"हौ. तेच तर म्हणून राहिलो."

त्यानंतरही आम्ही एकत्र जायचो, पण मी वर पोचलेला आणि काका खाली रुतलेले. मी खाली येऊन खणायचो, घड्याळ बघत. काकांना ते दिसत होतं. "तू हो पुढे, मी येतो," असं म्हणायला लागले होते, जे एकट्याने शक्यच नव्हतं.

मग तो फेब्रुवारीतला शनिवार. त्या तिघांनी मला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी काकांचा फोन आला, "उद्या निघायचं ना?" मी म्हणालो, "नाही जमत काका. चिपचं रिलीज आहे, ऑफिसला जावं लागणार. कॅन्सल करू." "मग मी पण नाही जात," ते म्हणाले. मी निघालो, डोंगराच्या पलीकडच्या बाजूने, कारण नेहमीच्या पार्किंगमध्ये काकांना ओळखणारे लोक होते.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही धारेवर पोचलो. लख्ख ऊन होतं. आमच्या नेहमीच्या बाजूला मी खाली सहज पाहिलं, तर ओढ्याच्या घळीत एक नारिंगी ठिपका. त्याच्या बाजूला एक माणूस वाकतोय, उभा राहतोय, पुन्हा वाकतोय. सासरेबुवा बसले होते, आणि त्यांना दुसऱ्या बाजूने धरायला कुणी नव्हतं. मी बघत होतो तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आवाज आला. चॅनल मी कधी बदललाच नव्हता.

"आहेस का बे?"

मी ऑफिसात आहे असं त्यांना वाटत होतं. तरी विचारत होते. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा नुसतं "आहेस का?" एवढंच आलं, आवाज थकलेला. माझा अंगठा बटणावर होता. वीस मिनिटांत मी खाली पोचलो असतो. पण बोललो असतो तर आधी माझं खोटं कबूल करावं लागलं असतं, तेही या तिघांदेखत. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" मी "येस" म्हणालो आणि रेडिओचं बटण टक् होऊन तो बंद होईपर्यंत फिरवलं. शनिवार आहे, कुणीतरी येईलच त्या बाजूला, असं मनाशी म्हटलं. कुणीही आलं नाही.

ऊन कलेपर्यंत काका खणत होते. मग गाडी तिथेच सोडून गुडघाभर बर्फातून चालत निघाले. वाटेवरचा बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरला ते अंधार पडता पडता रस्त्याकडेला बसलेले सापडले. थंडीने गोठून डाव्या पायाची दोन बोटं गेली, गुडघा कायमचा दुखावला. रविवारी मी खिचडी घेऊन हॉस्पिटलात गेलो. काका टोपी घालून पडले होते.

"सकाळी ऊन पाहून राहवलं नाही, आलो एकटाच. तू असता तर अर्ध्या तासात निघालो असतो बे," म्हणाले. "जाऊ दे, बरं झालं नव्हता. तुझी पाठ दुखते." थोड्या वेळाने हसले. "रेडिओवर तुलेच आवाज देऊन राहिलो होतो. सवय. कोणी नसलं तरी विचारलं म्हणजे बरं वाटते."

मी विचारलं, "चहा आणू का?"

सासरेबुवा विकले गेले. काका अल्फारेटाला मुलीकडे राहायला गेले. तिथे बर्फ पडलाच तर चिमूटभर पडतो. म्हणून ते लाडवांचा डबा अंगणातल्या वाळलेल्या पानांत पुरतात आणि नातवंडांना बीकन देऊन घड्याळ लावून उभे राहतात, असं त्यांची मुलगी सांगते. मी अजून डोंगरात जातो. ते तिघं नंतर पांगले. आता एकटाच जातो, जे कुणी करू नये. बाइक उत्तम आहे. दोन हिवाळ्यांत फावडं एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही. निघताना छातीवर बीकन बांधतो, पण तो चालू आहे की नाही हे तपासायला समोर दुसरा माणूस लागतो.

शनिवारी सकाळी फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "आहेस का बे?" मी म्हणतो, "बोला, काका." "आहे" हा शब्द त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघालेला नाही. मी तिथे होतो, मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं, आणि मी गप्प राहिलो. हे त्यांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.