अठरा फुटांवर सव्वादोन इंच

मुलीच्या घरी राहायला जायचं नाही, एवढ्या एका कारणासाठी मी बहात्तराव्या वर्षी लाकडाचं घर बांधायला घेतलं. लोक वेगळं सांगतात. जावई त्याच्या ऑफिसात सांगतो, की आमच्या मामांना निसर्गाची ओढ आहे. निसर्गाची ओढ असलेला माणूस चाळीस वर्षं बेंगळुरूच्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात काढत नाही.

झालं असं, की पीण्याजवळ आम्ही नवरा-बायको भाड्याने राहत होतो, ते घर पाडून मालकाला चार मजले चढवायचे होते. माणूस सभ्य. दसऱ्यापर्यंत मुदत दिली. मुलगी इंदिरानगरात फ्लॅटमध्ये राहते. तिला हे कळलं त्याच आठवड्यात तिने आमच्यासाठी एक खोली रिकामी केली आणि खिडकीला नवे पडदे लावले. मी म्हटलं, पडदे काढ. आमच्या खानापूरकडे बाप मुलीच्या घरी जातो, चहा घेतो आणि उठतो. माझे वडील तर चहाही घेत नसत. बहिणीच्या सासरी गेले आणि तहान लागली, तर शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचे. बहिणीला त्याचा अभिमान वाटत असणार, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाली, मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

तर जमीन होती. शहराबाहेर, मागडी गावाच्या पुढे दोन एकर. पंचवीस वर्षांमागे घेतली तेव्हा तिकडे बसही जात नव्हती. एका एकरात मी सिल्वर ओक लावले. बेंगळुरूत त्याला सगळे नुसतं सिल्वर म्हणतात. झाड शहाणं, फांद्यांचा पसारा न करता सरळ वर जातं. शेजारी एक नाचणी पिकवणारा शेतकरी आहे, माझ्याच वयाचा. तो दर वर्षी बांधावर उभा राहून वर बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा, झाडं चांगली आली. पण खाणार काय?"

तीन वर्षांपूर्वी झाडांची दाटी झाली म्हणून मी वीस झाडं काढायची ठरवली. कुठली काढायची यावरच मी महिना घातला. रोज एका झाडाला चुन्याचा पट्टा मारायचो आणि दुसऱ्या दिवशी पुसायचो. शेवटी वाकडी, मागे राहिलेली अशी चौदा आणि सरळ, भरलेली अशी सहा पडली. एक लाकूडवाला व्यापारी बघायला आला. त्याने त्या सहांपैकी सगळ्यात देखण्या ओंडक्यावर पाय ठेवला आणि म्हणाला, "पॅकिंगच्या पेट्यांना चालेल." मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. लाकूड विकलंच नाही. कटाईच्या गिरणीत नेऊन त्याच्या तुळया, वासे, फळ्या करून घेतल्या आणि शेतात पत्र्याखाली थरांमध्ये काठ्या घालून रचून ठेवल्या. वारा खेळत राहिला, लाकूड सावकाश वाळलं. त्या पेटीवाल्याचे माझ्यावर असे उपकार आहेत.

माझं काम मी सांगितलं नाही. बिडाचा पंप ओतायचा असेल तर आधी तस्साच लाकडाचा करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात बिडाचा रस ओततात. तो लाकडाचा करणारा, म्हणजे पॅटर्नमेकर, मी. शाळा चौथीपर्यंत. पण मोठे इंजिनियर ड्रॉइंग घेऊन माझ्या बाकापाशी यायचे आणि जाताना त्यात दुरुस्ती करून न्यायचे. तेव्हा बारा बाय अठरा फुटांची एक खोली, पुढे ओटा आणि मागे मोरी, हे माझ्या दृष्टीने जेवण झाल्यावर हात धुण्याइतकं काम. मुलीने मोबाईलवर दाखवलं, की बोम्मसंद्र्याकडे तयार केबिन मिळते, ट्रकवर येते, क्रेनने ठेवून जातात. मी म्हटलं, त्याच क्रेनला सांग तुझ्या बापालाही उचलून ठेव म्हणून.

मदतीला मेहुणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. बेळगावात दारं-खिडक्या करतो. हात चांगला, तोंड बंद. आमच्या दोघांचं एकाच लाकडावर कधी जमलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी वाटणी केली. खालचं त्याचं, म्हणजे दगडी पाये आणि त्यांवरचे लाकडी खांब. वरचं माझं, म्हणजे खांबांवर बसायच्या तुळया आणि छप्पर. तो त्याच्या टेपने मापं घ्यायचा. मी माझ्या पट्टीने. माझी पट्टी पोलादी, दोन फुटी, कारखान्यात तीस वर्षं माझ्या बाकावर टांगलेली. रिटायर होताना लोकांनी घड्याळ दिलं ते मी पुतण्याला दिलं आणि पट्टी घेऊन आलो.

"दाजी, लांब मापाला टेप घ्या," मेहुणा एकदा म्हणाला.

"टेप लोंबते."

"स्वल्प लोंबते. ओढून धरायची."

"पट्टी ओढावी लागत नाही," मी म्हटलं. तो आपल्या खांबाकडे गेला.

दसऱ्याला तेरा दिवस उरले तेव्हा तुळई चढवायचा दिवस आला. नाचणीवाला शेजारी त्याची दोन माणसं आणि साखळीची कप्पी घेऊन आला. खांबाच्या डोक्यावर कुसू कोरलेला, तुळईत त्याच्या मापाची खाच. एका टोकाची खाच कुसवावर अशी बसली, की मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग दुसरं टोक सोडलं. तिथली खाच खांबाच्या पलीकडे गेली होती. सव्वादोन इंच.

मी मेहुण्याला म्हटलं, "तुझा खांब आत आलाय."

त्याने टेप लावली. खांबापासून खांब बरोबर अठरा फूट. मी पट्टी लावली, तुळईवर, नऊ वेळा. खाचेपासून खाच बरोबर अठरा फूट. शेजारी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, "दोघांचंही सरी आहे, बरोबर आहे. मग घर का बसत नाही?"

मेहुणा म्हणाला, "खाच आतल्या बाजूने रुंद करू आणि मागे पाचर ठोकू. अर्ध्या दिवसाचं काम."

"पाचर म्हणजे चुकलेल्या माणसाची सही," मी म्हटलं. "खांब उपट."

"दगड काँक्रीटमध्ये धरलाय, दाजी."

"मग फोड."

त्याने खांब उपटला नाही. रंधा, पटाशा, करवत एकेक पुसून पिशवीत भरलं, बहिणीच्या पाया पडला आणि बेळगावच्या गाडीला गेला. बायको म्हणाली, "गेला तो." मी म्हटलं, जाऊ दे, माप चुकतं आणि वर राग.

आढ्यासाठी म्हणून एक सरस तुळई राखून ठेवली होती. ती मी बाहेर काढली. व्यापाऱ्याने पाय ठेवला तोच ओंडका. एवढ्यात मेहुण्याचा खांब आपोआप बाहेर सरकेल असं काही मला वाटत नव्हतं. पण पहिल्या तुळईत माझा हात सुटला असेल, एवढं मानायला मी तयार झालो होतो. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं. तीन दिवस एकट्याने काम केलं. प्रत्येक दोन फुटांना टोकदार सुईने खूण, प्रत्येक खूण दोनदा तपासलेली. चौथ्या दिवशी शेजाऱ्याला बोलावलं, कप्पी लावली, तुळई चढवली.

सव्वादोन इंच. केसाचा फरक नाही. शेजारी म्हणाला, "अण्णा, काम एकदम सारखं करता तुम्ही." तो चेष्टा करत नव्हता, हे जास्त लागलं.

मी ओट्याच्या दगडावर बसलो. बायको डबा घेऊन आली होती. ती आयुष्यभर घरी ब्लाउज शिवत आली, पिशवीत कापडी टेप असतेच. तिने माझी पट्टी मांडीवर घेतली आणि तिच्यावर टेप पसरली. मग उलटी करून परत पसरली.

"अहो," ती म्हणाली, "तुमचे दोन फूट पाव इंच जास्त आहेत."

मला सगळं एकदम समजलं. बीड थंड होताना आकसतं. फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. आणि दर वेळी हिशेब नको, म्हणून पट्टीच तशी मिळते. तिच्यावरचा फूट मुळातच एक सूत जास्त. हे मी स्वतः चाळीस नव्या कामगारांना शिकवलं आहे. त्यांना सांगायचो, ही पट्टी चुकूनसुद्धा घरी नेऊ नका. मी तीस वर्षं दुसरी पट्टी हातात घेतली नाही, त्यामुळे तीच पट्टी मला खरी आणि बाजारातल्या सगळ्या टेपा थोड्या आखूड वाटायला लागल्या होत्या. मी माझं घर बिडात ओतणार असतो, तर माप अचूक होतं.

"त्याला फोन करा," बायको म्हणाली.

"तू कर. तुझा भाऊ आहे."

"मी करीन, पण पट्टी तुमची आहे."

त्यात माझे चार दिवस गेले. पहिल्या दिवशी मी ठरवलं, एकट्याने करू. दुसऱ्या दिवशी शिडीवर दोनदा पाय सटकला. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, की सामानाला टेम्पो कधी पाठवू. चौथ्या दिवशी बायकोने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"बोला दाजी," मेहुणा म्हणाला.

"तिकडे पाऊस आहे?"

"नाही."

"इकडेही नाही."

मेहुणा घाई करत नाही, हा त्याचा वाईट गुण आहे.

"ते माप," मी म्हटलं. "तुझं बरोबर आहे."

"हो."

"माझी पट्टी बिडाची आहे."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी बघितली की."

"मग मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सांगितलं होतं, टेप घ्या. तुम्ही म्हणालात, लोंबते." मग म्हणाला, "येतो मी. पण एक आहे. काम होईपर्यंत तुम्ही जमिनीवर पाय ठेवायचा नाही."

"माझ्या जमिनीवर?"

"तुमच्याच. आणि शेजाऱ्याच्या बांधावर पण उभं राहायचं नाही, तिथून ओरडाल. अक्काला घेऊन भाचीकडे जाऊन राहा. दीड महिना."

नाही म्हटलं, तर दसऱ्याला छप्पर नाही आणि सामानासकट इंदिरानगर. हो म्हटलं, तरी इंदिरानगर. फरक एवढाच, की एक वाट तिथे संपत होती आणि दुसरी तिथून पुढे निघत होती.

"सरी," मी म्हटलं.

फ्लॅट चांगला आहे. फाटकावरचा माणूस रोज विचारायचा, कुणाकडे आलात, आणि मी रोज सांगायचो, पाहुणा आहे. मुलगी म्हणाली, अप्पा, त्याला सांगा इथेच राहतो म्हणून. मी बॅग उघडली नाही. कपडे तिच्यातूनच काढायचो आणि तिच्यातच ठेवायचो. जेवण झालं की ताट स्वतः धुवायचो.

"हे हॉटेल आहे का?" ती एकदा चिडून म्हणाली.

"हॉटेलात कुठे मी ताट धुतो?"

"मामाने अट घातली तर आलात. मी महिनाभर बोलवत होते तेव्हा नाही आलात."

"आग्रहाला नाही म्हणता येतं," मी म्हटलं. "अटीला कुठे येतं?"

ती हसली नाही. माझ्या बहिणीचं ते स्वयंपाकघर मला तेव्हा आठवलं. त्या संध्याकाळी मी बॅग उघडून कपडे कपाटात लावले. कपाटाचं दार खाली घासत होतं, ते काढून रंधून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातले चार खण दाखवले, अडकणारे. मग शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी त्यांचा पलंग दाखवला. दीड महिन्याचे शेवटी पावणेदोन झाले, ते मेहुण्यामुळे नव्हे.

डिसेंबरात त्याचा दुसऱ्यांदा फोन आला, की आता तरी येऊन बघा. मुलीने गाडी काढली. बायको उतरल्याबरोबर आत गेली. मी बाहेरून सुरुवात केली. चारी कोपऱ्यांत त्याने पाचरी ठोकल्या होत्या, पण काळ्या सागाच्या, एका मापाच्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या, आणि रंधून अशा गुळगुळीत केलेल्या, की शेजाऱ्याने त्याला विचारलं होतं, ही नक्षी तुमच्या बेळगावकडची का. तो म्हणाला होता, नाही, दाजींची.

मी प्रत्येक खांबावर मुठीने ठोकलं. दार लावलं आणि उघडलं. फळ्यांच्या सांध्यांवरून नख फिरवलं. छपराखाली उभा राहून आढं एका डोळ्याने बघितलं. मेहुणा ओट्यावर बसून बहिणीच्या हातची भाकरी खात होता आणि नजर माझ्यावर.

"बोला," तो म्हणाला. "काय चुकलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. त्याने मला वर-खाली बघितलं.

"अक्का," त्याने आत हाक मारली, "दाजींची तब्येत बरी आहे ना?"

ती बाहेर आली नाही. शेगडी कुठल्या भिंतीला ठेवायची, यावर आत तिचा आणि मुलीचा वाद चालला होता.