शेवग्यावरचा शुक्र

कोकणातली आहे म्हटलं की लोक पहिलं भुताचंच विचारतात... "तुमच्याकडे खरंच असतात का हो?" मी हसून सांगायची, असतील तर मला कधी भेटली नाहीत. आमच्या आजीला प्रत्येक पिंपळावर काही ना काही दिसायचं. मी त्याच पिंपळांखालून शाळेत जायची, मला कावळ्यांशिवाय काही दिसलं नाही. शाळाही आठवीपर्यंतच — मग आई आजारी पडली आणि चूल माझ्याकडे आली. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. ग्रुपवर तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आणि खरं सांगते, मागचं दार लावून मगच लिहायला बसलेय.

लग्न झालं आणि मी एकदम यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याला आले. मिस्टर ट्रकवर ड्रायव्हर. त्यांच्या मालकाच्या गाड्या नागपूर–हैदराबाद लाईनीवर चालतात, म्हणून खोली इथे घेतली. हायवेपासून जरा आत, घरमालकीण जुबेदाखालांच्या घराच्या मागच्या बाजूला. खालांचे मिस्टर वारले, मुलगा सलीमभाई हायवेवर ट्रक रिपेरिंगचं गॅरेज चालवतात. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. हे तिकडे लांब, माहेरहून कोणी येण्यासारखं नाही. खालांनी मला स्वतःच्या खोलीत नेऊन झोपवलं, मऊ भात भरवला, माझ्या केसांचा गुंता सोडवत बसायच्या. या परक्या गावात माझं म्हणून जे काही आहे ना, ते तेव्हापासून त्याच आहेत.

आता परसबागेचं सांगते, कारण जे घडलं ते तिथेच. घराच्या मागे, पश्चिमेला. मिरच्या, भेंडी, एक लिंबू, धुण्याचा दगड, खालांची बाज आणि कुंपणाला लागून शेवगा. पलीकडे कापसाचं शेत, थेट आभाळ टेकेपर्यंत. आमच्याकडे माडांच्या मधून आभाळ तुकड्या-तुकड्याने दिसतं. इतकं आभाळ एकदम बघून मला सुरुवातीला गरगरायचं. मग यांनी मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. फोन वर धरला की ताऱ्याचं, ग्रहाचं नाव येतं. म्हणाले, "मी ढाब्यावरून बघतो, तू घरून बघ. तेवढीच भेट." मग तो नादच लागला. लुकलुकतो तो तारा, टक लावून बघतो तो ग्रह, एवढं मला फोनशिवायही कळायला लागलं. शनी दिसला की मात्र मी मान खाली घालायची. खाला बाजेवरून ओरडायच्या, "काहून भेतं व त्याले? आमचे अब्बा त्याले जुहल म्हनत. एवढुसा पिवळा दिवा, तो काय करते तुले!"

आणि शुक्राची तर गंमतच झाली होती. मी नवीनच आले होते. यांचा फोन दोन दिवस लागत नव्हता, जीव टांगणीला. संध्याकाळी सलीमभाई फाटकातूनच ओरडले, "गाडी पहुँच गई, फोन आया!" खाला मागे मिरच्या तोडत होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, "शुक्र है!"

मी धावत बाहेर. "कुठे आहे?"

"कोन कुठं आहे?"

"शुक्र!"

खाला हसत हसत धुण्याच्या दगडावर बसल्याच. "अव येडे, शुक्र म्हनजे उपरवाल्याचे आभार! तुया नवरा पोचला म्हून!" मग डोळे पुसत शेवग्याकडे हात केला. "पन तोबी है पाय. तो पाय."

खरंच होता. शेवग्याच्या शेंड्यावर, लख्ख.

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. संध्याकाळी जी आधी मागे जाईल तिने हाक मारायची, "शुक्र है?" दुसरीने आतून म्हणायचं, "है!" शुक्र दिसो न दिसो. म्हणजे मी बरी आहे, तुमचं सांगा. सलीमभाई म्हणायचे, "दोनोंका दिमाग घूम गया."

मागच्या वर्षी खालांच्या छातीचं दुखणं वाढलं. ऑपरेशन नागपूरला ठरलं. त्याच दिवसांत शुक्र रोज थोडा थोडा खाली उतरत शेवग्याच्या मागे गेला आणि एक दिवस दिसेनासाच झाला. यांनी फोनवर सांगितलं की काही दिवसांनी तो पहाटे पूर्वेला निघेल, संध्याकाळी आता बरेच महिने नाही. मला ते मनात नीट बसेना. गाडीत बसताना खाला म्हणाल्या, "थोबाड काहून पाडलं? तो बी गेला, मी बी चालली. दोघंबी वापस येऊ." मी हसले, पण जेवण गेलं नाही.

ऑपरेशन सकाळी होतं. दुपारी सलीमभाईंचा फोन आला, "भाभी, ऑपरेशन हो गया, पण अम्मी शुद्धीवर येऊन नाही राह्यली. डॉक्टर म्हणते थांबा." त्यानंतर त्यांचा फोन बंद. हे हैदराबादच्या अलीकडे कुठेतरी, रेंज नाही. मी घरात एकटी. काही सुचेना म्हणून भाकरी करायला बसले. कोणासाठी, ते मलाच माहीत नव्हतं.

मगरिबची अजान होऊन गेली होती. बाहेर अजून थोडा उजेड होता. भाकरी तव्यावर टाकली आणि मागून हाक आली...

"शुक्र है?"

खालांचीच. तो शेवटचा "है" त्या लांबवतात तसाच लांबवलेला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं — "है!"

आणि मग आठवलं, खाला तर नागपूरला.

आजी आम्हाला लहानपणी दटावून सांगायची, तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरीला द्यायची. माणूस असेल तर तिसरी हाक मारेलच. मी तिची टिंगल करायची. आणि आज मी पहिल्याच हाकेला ओ देऊन बसले होते... कोणाला? डोक्यात एकच, खाला गेल्या. जाता जाता इकडे येऊन गेल्या.

कशी उठले देव जाणे. हातात उलथनं तसंच. मागे कोणी नव्हतं. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, फाटकाला आतून कडी. आणि शेवग्याच्या शेंड्यावर तो होता. शुक्र. लख्ख, न लुकलुकता, टक लावून बघणारा. मी फोन काढून तिकडे धरला. ॲपमध्ये तिथे काहीच नाही! फोन खाली खाली नेला तेव्हा पार जमिनीच्या आत शुक्राचं नाव दिसलं. तसाच लख्ख दिसणारा गुरू म्हणावा, तर तो माझ्या पाठीमागे, पूर्वेला होता. मी एकदा फोनकडे बघतेय, एकदा वर. फोटो काढायचं सुचलंच नाही. आतून भाकरी करपल्याचा वास आला, तरी पाय हलेना.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. सलीमभाई. उचलायचं धाडस होईना. उचलला तर ते रडत होते...

"भाभी, अम्मीने आँखें खोली! अभी, अभी! एकदम बोली, 'है!' नर्स घाबरलीच. म्हणते, क्या है, अम्मा? पण अम्मी बस 'है' बोली और हंसी. कोणी काही विचारलंच नव्हतं हो तिला!"

फोन कानाला तसाच धरून मान वर केली तर शेवग्यावर नुसतं आभाळ.

यांना सांगितलं तर म्हणाले, विमान असेल, टॉवरचा दिवा असेल. टॉवर दुसऱ्या बाजूला आहे. आणि हाक? "तुला भास झाला. दिवसभर तेच तर डोक्यात होतं." मीही तेच धरून बसले. पटत नव्हतं, पण झोप लागण्यासाठी बरं होतं.

खाला घरी आल्या. टाके सुकले, बाजेवर बसायला लागल्या. त्यांना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. एक दिवस मी शेजारी भेंडी चिरत होते, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तिथं नागपूरले मले तुयी हाक आलती."

माझा विळीवरचा हात थांबला. "कसली हाक?"

"आपलीच. शुक्र है? असं वाटे का मी आतल्या खोलीत हाओ अन् तू इथं मागं उभी हायेस. म्या म्हटलं, है. मंग डोये उघडले तं सलीम रडून राह्यला." हसल्या. "तू हाक मारली म्हून वापस आली व मी."

"खाला... मी हाक नाही मारली."

"मंग?"

"मी तर ओ दिली. हाक तुमची आली होती."

खालांनी माझ्या गळ्याला हात लावला. "तुया गळ्याची शप्पथ, म्या नाही मारली," म्हणाल्या. मग अगदी हळू, "मंग विचारलं कोनं?"

याचं उत्तर आम्हाला आजपर्यंत मिळालेलं नाही. आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं, आणि उत्तर मात्र दोघींनी दिलं. माझ्या खाला मला परत मिळाल्या, त्याबद्दल ज्याचे कोणाचे असतील त्याचे उपकार मानते, रोज मानते. पण आम्ही दोघी इथे आहोत असं आम्ही कोणाला तरी सांगून बसलोय, हे मनातून जात नाही. घरात एकटी असले की मागचं दार अंधाराच्या आधी लावते. तुमच्यापैकी कोणाला असं काही अनुभवाला आलं असेल तर सांगा. घाबरवू नका फक्त.

आता शुक्र पुन्हा संध्याकाळी दिसायला लागलाय. ॲपमध्येही दिसतो, मी आधी तेच बघते. आतून-बाहेरून हाका मारायचं आम्ही सोडलं. दोघी बरोबरच मागे जातो, एकाच बाजेवर बसतो. काल खालांनी माझा हात धरला आणि विचारलं, "शुक्र है?"

त्यांचे ओठ हलताना मी नीट पाहिले. मग म्हटलं, "है."