ग्लिसरीनला मी नाही म्हणाले

"मॅडम, ग्लिसरीन नको असं नियमात कुठं लिहिलंय?" दिग्दर्शक अनिकेतने विचारलं.

"नऊ वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांत मी काही घालू देणार नाही," मी म्हणाले. तीसेक माणसं ऐकत होती. बरं वाटलं.

लोहाऱ्याजवळच्या एका शाळेत वेब सिरीजचं शूटिंग चाललं होतं. उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळं शाळा रिकामी. सेटवर पाच मुलं आणि त्यांची 'जबाबदार व्यक्ती' म्हणून मी. हा शब्द कायद्याचा आहे, माझा नाही. मुलांकडून शूटिंगचं काम करून घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती दिलीच पाहिजे, आणि पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. परदेशात म्हणे या कामाचं रीतसर लायसन असतं. माझं लायसन म्हणजे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आधारची झेरॉक्स आणि प्राथमिक शाळेतली सव्वीस वर्षांची नोकरी. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "शाळेतल्या बाई ना? मग प्रश्नच मिटला. पोरं घाबरतील तुम्हाला." आम्ही दोघंही हसलो.

सीन असा होता. शाळेतून नाव काढलेली मुलगी फाटकाशी उभी राहून रडते. मुलीचं काम करणारी शमा कळंबची. वडील सलीमभाई टेलर, आई बाळंतीण. म्हणून शमा लॉजवर माझ्याच खोलीत राहायची. बारा टेक झाले. टेक म्हणजे तोच सीन पुन्हा पुन्हा. शमा तोंड वाकडं करायची, हुंदके द्यायची, पण डोळे कोरडे ठणठणीत.

"आता काय करायचं?" अनिकेत म्हणाला. "नियम तुमचा, मॅडम. उपायही तुम्हीच सांगा."

"पाच मिनिटं द्या," मी म्हणाले.

शमाला पिंपळाखाली नेलं, खाली वाकले आणि हळू आवाजात बोलले. मारकुटे मास्तर ओरडतात. मी कधी ओरडले नाही, मला गरजच पडली नाही.

"शमा, जमत नसेल तर सांग. आत्ता तुझ्या अब्बूंना फोन करते, घेऊन जा म्हणते. दुसरी मुलगी उभी करू. मग गल्लीत सगळ्यांना सांग, मला परत पाठवलं म्हणून."

सिरीजमध्ये काम करायला चाललेय, असं तिनं निघताना सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं.

पुढचा टेक ओके झाला. टाळ्या वाजल्या. अनिकेत म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर ग्लिसरीनच्या वरताण!" मी लाजले. संध्याकाळी रोजचं रजिस्टर भरलं. 'मुलास काही त्रास?' या रकान्यात सव्वीस वर्षांच्या सवयीनं लिहिलं: निरंक.

दुसऱ्या दिवशी शमा माझ्या आधी उठून तयार. नाश्त्याला पोहे होते.

"खा की गं."

"भूक न्हाय, बाई."

मी आग्रह केला नाही. मेकअपवाला खुश होता. "आज हिला ब्लशर लावायलाच नको. बघा, काय ग्लो आलाय!" मीही बघितलं. खरंच, गाल लालबुंद होते. छान दिसते म्हणाले.

अकराच्या सुमाराला ध्वजखांबाभोवती पळायचा सीन लागला. तिसऱ्या फेरीला शमा मटकन खाली बसली. मी हात धरला तर चटका बसला.

"म्या ठीक हाय, बाई. अब्बूला फोन नका करू," ती म्हणाली, आणि माझ्या पायाशी ओकली.

अनिकेत धावत आला. "मॅडम, लोकेशन उद्यापर्यंतच आहे. एखादी गोळी देऊन तासाभरात..."

"शूटिंग बंद," मी म्हणाले. यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी थर्मामीटर बघितलं. एकशे चार. "कधीपासून ताप आहे, बाळ?"

"काल सांजच्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

शमानं माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांना म्हणाले, "मुलं सांगत नाहीत हो." रात्रभर ती माझ्यापासून दोन हातांवर झोपली होती.

सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत ताप उतरला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'उन्हामुळे ताप. तत्काळ उपचार.' जिल्हाधिकारी कार्यालयातून तपासणीला आलेल्या साहेबांना ते रजिस्टर लई आवडलं. "अशा बाई प्रत्येक सेटवर पाहिजेत," ते म्हणाले. सलीमभाईंनी तर दवाखान्यात हातच जोडले. "तुमी व्हता म्हणून लेकरू वाचलं." मी ते हात खाली घेतले आणि गोळ्यांच्या वेळा सांगितल्या.

दोन महिने गेले. मग एके दिवशी एसटीत बसले आणि कळंब गाठलं. सलीमभाईंनी मशीनवरून उठून खुर्ची पुसली आणि ते समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. शमा जवळ आली, कानाशी लागली.

"बाई, म्या अब्बूला काय बी सांगितलं न्हाय."

नऊ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. सलीमभाई परत आल्यावर मी सगळं सांगितलं. पिंपळाखालचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं, तिच्यादेखत.

मशीनवरच्या कापडाच्या शिवणीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "आमचा बी हात उठतो कधी कधी, बाई. खोटं कशाला बोलू? पण ताप आला तर पोर आमाला सांगती."

चहा आला. आम्ही प्यायलो. जा म्हणाले नाहीत, पुन्हा या असंही म्हणाले नाहीत. सिरीजचं उरलेलं काम शमानं पूर्ण केलं, पण तिच्याबरोबर तिची फुफी, म्हणजे आत्या, आली. शमा झोपायचीही तिच्याच खोलीत.

मला मात्र कामं मिळतच राहिली. साहेबांनी शिफारस केली होती ना. नव्या सेटवर पहिल्या दिवशी मी मुलांना सांगते, "दुखलं-खुपलं तर बिनधास्त सांगायचं, कुणाला घरी पाठवत नाहीत." मुलं एका सुरात "हो बाई" म्हणतात. हा सूर मी सव्वीस वर्षं ऐकलाय, त्याचा अर्थ काहीही होत नाही. म्हणून सकाळी, दुपारी आणि पॅकअपला मी एकेकाचा ताप स्वतः मोजते. विचारत बसत नाही.