थांबा म्हटलं की थांबायचं

आमच्या बाइक ग्रुपचे किस्से सांगायला मी बसलो, की बायको चहाचं मोठं पातेलंच चढवते. तिला अनुभव आहे! बोईसरच्या कंपनीत तीस वर्षं काढली, पण तिथेही एवढे किस्से जमले नाहीत, जेवढे या चौघांनी पाच वर्षांत दिले.

चौघं म्हणजे मी, आमच्याच कंपनीतला सेफ्टी ऑफिसर राऊत, स्वतःची बोट असलेला दामू नाखवा आणि बेटेगावकडच्या शाळेतल्या वरठा बाई. वर्षातून एकदा परदेशात बाइकवर जायचं, खर्च चौघांत सारखा. ठरवाठरवी माझ्याकडे. रिटायर झाल्यापासून लोक मला फोन करतात ते तेवढ्यासाठीच.

नियम एकच. कुणीही ‘थांबा’ म्हणालं की सगळ्यांनी थांबायचं. कारण विचारायचं नाही. त्यापायी खर्च वाढला तर तोही चौघांत. प्लँटमध्ये साधा हेल्परसुद्धा काम थांबवू शकतो, तिथूनच मी हे उचललं. मोठ्या तोऱ्यात कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या!

•

नियमाचा पहिला फटका नेपाळमध्ये. लख्ख ऊन पडलेलं आणि नाखव्याने आभाळाकडे बघून हात वर केला. “थांबा!”

थांबलो. एका टपरीवर चार तास बसलो. पावसाचा एक थेंब नाही! पुढच्या हॉटेलचं बुकिंग बुडालं. राऊत नुसता धुमसत होता, पण विचारणार कसं?

शेवटी नाखवाच म्हणाला, “दर्यावर पण असंच हाय. कदी येतो, कदी नाय येत. आमी बोट मागं फिरवतो. घरी तर पोचतो ना?”

•

राऊतची तऱ्हा वेगळी. रोज सकाळी निघायच्या आधी फॉर्म. झोप किती, गोळ्या कुठल्या, चक्कर येते का, हातपाय ठीक? खाली सही. सुट्टीवर आलोय की प्लँट बंद ठेवून करायच्या शटडाउनच्या कामाला, तेच कळत नाही!

भूतानमध्ये एका सकाळी सगळ्यांना तासभर लेक्चर दिलं, ऐटीत बाइक बाहेर काढली, साइड स्टँड न लावताच उतरायला गेला आणि भर बाजारात बाइकसकट आडवा झाला.

वरठा बाई शांतपणे फॉर्म घेऊन त्याच्यापाशी गेल्या. “राऊत सर, झोप किती झाली?”

•

याच बाईंनी त्याच ट्रिपमध्ये एका शाळेसमोर ‘थांबा’ म्हटलं आणि आत गेल्या त्या तासभर. आम्ही फाटकाबाहेर शेंगदाणे खात उभे. बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी आपणहून बोलल्या. “दिवाळी झाली की आमच्याकडचे आईबाप पोरांना घेऊन वीटभट्टीवर जातात. पटावर बावीस नावं, समोर पाच पोरं. भरलेला वर्ग बघावासा वाटला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊतने फॉर्म काढला नाही.

•

आता गेल्या वर्षीची श्रीलंका. निघायच्या आधी तीन महिने माझा उजवा हात बधिर होऊ लागला होता. डॉक्टर म्हणाले, शुगरने नसांवर परिणाम झालाय. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर “दादा, आता आराम करा” झालं असतं आणि फोन बंद. खरं सांगतो, त्याची भीती मला घाटापेक्षा जास्त वाटत होती. राऊतच्या फॉर्मवर रोज ‘हातपाय ठीक’ लिहून सही ठोकत होतो. खोटी!

भाड्याच्या बाइक तीनच मिळाल्या, म्हणून बाई नाखव्याच्या मागे. चहाच्या मळ्यांतून उतार सुरू झाला आणि ब्रेकवरची माझी बोटं कळेनाशी झाली. तेवढ्यात नाखव्याचा हात वर. “थांबा!”

सुटलो! मी पाठमोरा होऊन हात चोळला. पुन्हा निघालो. दोन वळणं झाली नाहीत तोच पुन्हा “थांबा!” मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा.

माझं डोकं सटकलं. “अरे नाखवा, काय चाललंय? असं उतरायचं तर मुक्कामाला उद्या पोचू! झालंय काय तुला?”

नाखवा माझ्या हाताकडे बघत होता. “कारण इचारायचा नाय,” तो म्हणाला. “नियम तुजाच हाय.”

निघालो. पुढच्या वळणावर मीच हात वर केला.

“थांबा.”

बाकीची दोन्ही इंजिनंही बंद झाली. वरठा बाई नाखव्याच्या मागून उतरल्या, माझ्यापाशी आल्या आणि चावीसाठी हात पुढे केला. मी चावी दिली आणि मागच्या सीटवर सरकलो.

कुणी काही विचारलं नाही.