जेरोलामो कौतुक करू लागला

निल्दे पित्तालुगाच्या तोंडून एक्काहत्तर वर्षांत कुणी 'छान' हा शब्द ऐकला नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं आमच्या जेनोव्यात कुणाला वाटलंही नसतं. आम्ही चांगलं बोलतो ते मेलेल्या माणसाबद्दल, आणि तेही पेटी खड्ड्यात उतरल्यावर. जिवंत माणसाला, जेवणाला, हवेला नावं ठेवायची असतात. पदार्थ फक्कड जमला तर 'करपला नाही' म्हणायचं. पोरगी पहिली आली तर 'नापास झाली असतीस तर घरात घेतलं नसतं' म्हणायचं. ज्याला हे कळत नाही तो बाहेरचा, मग तो इथे चाळीस वर्षं का राहत असेना.

निल्देने बंदराजवळच्या कमानींखाली सदतीस वर्षं फारिनाता विकली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ. तांब्याच्या मोठ्या ताटात ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं, एवढंच काम. पण ते एवढंच काम शहरात धड दोन जणांना जमत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "गरम आहे का?" ती म्हणायची, "नाही, परवापासून तुझ्यासाठी निवत ठेवलीय." लोक अर्धे फारिनाता खायला यायचे, अर्धे तिचे टोमणे खायला. तिचा नवरा जेरोलामो बंदरात क्रेनवर होता. लग्नाचं विचारतानाही तो एवढंच म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा वाईट मुली पाहिल्यात मी." निल्देने थोडा विचार केला आणि ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा वाईट पोरगा मी अजून शोधतेय." पुढल्या वसंतात लग्न झालं.

आणि गावाला शिव्या घालण्यात तर निल्देचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी खिडकी उघडली की तिचा पट्टा सुरू व्हायचा. बोळातला वास, वरच्या मजल्यावरून ठिबकणारे कपडे, नगरपालिका, समुद्रावरून येणारा दमट वारा, कुणी सुटायचं नाही. शिव्या संपल्या तरी ती खिडकीतून हलायची नाही, हे मात्र तिच्या मुलीच्या कधी लक्षात आलं नाही.

मुलगी ओर्नेला एकोणिसाव्या वर्षी तोरिनोला शिकायला गेली आणि तिकडच्याच पोराशी लग्न करून बसली. तिकडे लोक गोड बोलतात. ते ऐकून ऐकून ओर्नेलाचे कान बिघडले आणि ती आईचं बोलणं शब्दशः खरं मानू लागली. तिने तोरिनोत आपल्याच इमारतीत तळमजल्यावर आईबाबांसाठी दोन खोल्या पाहिल्या, मागे हातभर बाग. "आई, जन्मभर म्हणत आलीस ना? आता निघा तिथून," ती म्हणाली. घरमालक रविवारपर्यंत थांबायला तयार होता. रविवारी संध्याकाळी सहाला ओर्नेला फोन करणार, हो की नाही ते सांगायचं, बस.

निल्देला जायचं नव्हतं. पण जायचं नाही असं म्हणायचं तर गावाबद्दल काहीतरी बरं बोलावं लागणार, आणि त्यापेक्षा तिने जीभ कापून दिली असती. तिचा बेत सरळ होता. जेरोलामो नाही म्हणेल, मग 'तुझ्या पायी अडकले मी इथे' म्हणून आपण मरेपर्यंत त्याला ऐकवू. तोरिनोचं नाव काढलं की नाक मुरडणारा माणूस दुसरं काय म्हणणार? पण आठवडाभर तो फक्त "तू म्हणशील तसं" म्हणत राहिला. आणि रविवारी सकाळी दाढी करून, बरा कोट घालून म्हणाला, "चल, आज फिरायला जाऊ. बाहेरचे लोक फिरतात तसं. निवांत."

"बाहेरचे लोक मूर्ख आहेत," निल्दे म्हणाली आणि चपला शोधू लागली.

सुरुवात कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात झाली. फोकाच्च्याचा पाव मिठाची बाजू खाली करून दुधाळ कॉफीत बुडवायचा, ही आमची न्याहारी. शेजारच्या टेबलावर एक परदेशी जोडपं ते पाहून किळस आल्यासारखं तोंड करत होतं आणि त्याचाच फोटोही काढत होतं. निल्देने मुद्दाम पावातून कॉफी गळू देत मोठा घास घेतला. तेवढ्यात जेरोलामो म्हणाला, "छान आहे आज कॉफी."

दुकानदार कप पुसत होता, तो थबकला. "काय झालं? दूध नासलंय का?"

"नाही रे. खरंच छान आहे."

"तीस वर्षं येतोस, कधी असा बोलला नाहीस. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग ना!" दुकानदाराला खरंच राग आला होता. निल्दे जेरोलामोच्या कोटाची बाही धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

जुन्या बंदरावर मत्स्यालयाची रांग पार पाण्यापर्यंत आली होती. तिकीट काढून मासे बघणारी माणसं निल्देला कधीच उमगली नाहीत. "अरे, बाजारात या की, फुकट बघा, वर नाव पण सांगू!" ती रांगेच्या तोंडावरच म्हणाली. मागे एक दहा मजली पर्यटकांची बोट उभी होती आणि त्यातून उतरलेली माणसं एका पिवळ्या छत्रीमागून शाळेतल्या पोरांसारखी चालली होती. छत्रीवाली बाई दोन मिनिटांत चारशे वर्षं सांगून मोकळी झाली. सगळ्यांनी माना हलवल्या आणि आइस्क्रीमकडे मोर्चा वळवला. असे लोक दिसले की जेरोलामोही तिच्या जोडीला सुरू व्हायचा, आणि दोघांची खरी करमणूक तीच असायची. आज तो कठड्याला टेकून उभा होता.

"किती सुंदर दिसतं नाही, बंदर?" तो म्हणाला.

"डिझेलचा वास येतोय."

"येऊ दे. मला आवडतो."

निल्देने त्याच्याकडे नीट पाहिलं. रंग ठीक होता. डोळे ठीक होते. ताप असेल म्हणून तिने कपाळाला हात लावला, तर त्याने तो हात हातात घेऊन ठेवला, भर रस्त्यात, त्या छत्रीवालीच्या समोर. तिने झटकन ओढून घेतला.

मग ते सरकारी लिफ्टने वर कास्तेलेत्तोच्या चौकात गेले. वरून सगळं गाव दिसतं, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं आणि त्यांच्यामध्ये कुठेही न दिसणारे बोळ. बाकड्याबाकड्यावर जोडपी गळ्यात गळे घालून बसली होती आणि आपलाच फोटो काढत होती. मागे शहर असलं काय नि नसलं काय, त्यांना सारखंच. निल्देने आता शेवटचं हत्यार काढलं. पाण्याच्या कडेने, जुन्या घरांच्या थेट तोंडावर घातलेला तो उड्डाणपूल. त्या पुलाचं नाव काढलं की जेरोलामोला जेवण जात नसे.

"बघ तुझा लाडका पूल," ती म्हणाली. "पाडला नाही अजून मेल्यांनी."

जेरोलामोने पुलाकडे पाहिलं. "पण गाडीतून जाताना समुद्र दिसतो त्यावरून," तो म्हणाला. "तेवढं मानलं पाहिजे."

निल्दे घाबरली ती तिथे. ह्याला काहीतरी झालंय आणि हा लपवतोय, असं तिला वाटलं. जेवताना तर खात्रीच पटली. पर्यटकांसाठी चार भाषांत पाट्या लावलेलं ते हॉटेल, पेस्तोच्या हिरव्या चटणीत बेसिलची पानं इतकी थोराड की पुदिन्याचा वास येत होता. धड हाताचा नव्हे, यंत्राचा पेस्तो! जेरोलामोने ताट पुसून खाल्लं आणि वेटरला म्हणाला, "उत्तम." वेटर बाहेरगावचा असावा, तो चक्क खूश झाला. निल्देला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार कलल्यावर बस धरून ते बोक्कादास्सेला गेले. तिथे गावातून उतरणारी गल्ली थेट गोट्यांच्या लहानशा किनाऱ्यावर येते आणि होड्या घरांच्या दारात ओढून ठेवलेल्या असतात. बायका उंच टाचांचे बूट घालून त्या गोट्यांवरून चालायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते पाहणं हे दिवसातलं पहिलं खरं सुख होतं. दोघं एका होडीच्या सावलीत बसले. साडेपाच वाजले होते.

"निल्दे," जेरोलामो म्हणाला, "तुझी फारिनाता सगळ्या गावात सगळ्यात चांगली होती. मी कधी बोललो नाही."

निल्दे उभी राहिली. "काय निघालंय?"

"कशात?"

"डॉक्टरकडे गेला होतास ना? काय निघालंय ते सांग. किती दिवस दिलेत?"

"अगं, कुठला डॉक्टर! काही निघालं नाही."

"मग सकाळपासून काय चालवलंयस हे? कॉफी छान, बंदर छान, तो भिकार पूल छान, आता मी छान! कुणाला पुरायला निघालायस तू?"

जेरोलामोने एक गोटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "निघायचं तर नीट निरोप घ्यावा म्हटलं. गावाचा."

"कोण निघालंय? मी हो म्हटलंय?"

"नाही पण म्हटलं नाहीस."

"तू म्हणशील म्हणून थांबले ना, म्हाताऱ्या! सरळ होतं सगळं. तू नाही म्हणायचं, मी तुला शिव्या द्यायच्या, आणि घरी जाऊन जेवायचं!"

"मी नाही म्हणणार नव्हतो," तो हळू म्हणाला. "पायऱ्या, निल्दे."

त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, अरुंद जिना, एकशे बारा पायऱ्या. तीस वर्षं हा माणूस दिवसातून दोनदा क्रेनच्या शिडीवरून वर चढायचा, तेव्हा पायऱ्यांचा विचार निल्देच्या मनात कधी आलाच नव्हता. तो हल्ली तिसऱ्या मजल्यावर फार रेंगाळतो एवढंच तिला माहीत होतं. तिथे पिएरिना नावाची विधवा राहते. वर्षभर निल्दे वरून कठड्यावर वाकून ओरडायची, "झालं का गुलुगुलु? का अंथरूण पण तिथंच पाठवू?" सगळा जिना हसायचा.

"पिएरिना दाराबाहेर खुर्ची ठेवते माझ्यासाठी," जेरोलामो म्हणाला. "मी बसलो की ती आत जाऊन दार लावून घेते. मला लाज वाटू नये म्हणून. गेल्या मंगळवारी खुर्चीतून उठताच येईना. तू वरून ओरडत होतीस आणि मी आपला बसलेला. ओर्नेलाला घर बघायला मीच सांगितलं. म्हटलं, आईला आता इथं राहायचं नाहीये."

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर लगेच खपतं. तू रोजच म्हणतेस."

"भित्रा! माझं तोंड वापरलंस. मला सांगता नाही आलं?"

"काय म्हणाली असतीस?"

उत्तर निल्देला माहीत होतं. 'पड तिथंच, पिएरिना जेवायला घालेल,' असं ती म्हणाली असती, आणि तो हसून उरलेले दोन मजले कसेबसे चढला असता. तिला त्याचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःची शरम वाटत होती. एक वर्ष ती दोन मजले वर उभी राहून त्याला हसत होती. आणि आता त्याला ओढत त्या जिन्यावर न्यायचं की हे गाव सोडायचं, हे तिलाच ठरवायचं होतं.

पर्समध्ये फोन वाजला. सहा वाजले होते.

"दे इकडे," जेरोलामो म्हणाला. "मीच सांगतो तिला, खरं काय ते."

त्याने हात पुढे केला, पण मान खाली होती. निल्देने त्याच्याकडे पाहिलं आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"आई, ठरलं का?" ओर्नेला विचारत होती. "हे बघ, बाबा तुझ्यासाठी हो म्हणतायत, मला माहितीय. म्हणून एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. तुला खरंच यायचंय ना?"

समोर पाणी सोनेरी झालं होतं. कुणीतरी होडी गोट्यांवरून वर ओढत होतं आणि लहान मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. निल्देने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा तिला दोष शोधावे लागत होते.

"यायचंय का म्हणून काय विचारतेस?" ती शेवटी म्हणाली. "विटलेय मी. नुसता दमटपणा, सगळीकडे परके लोक, आणि... आणि हे गोटे. धड बसता येत नाही माणसाला. सांग त्या मालकाला, पुढच्या महिन्यात येतो म्हणावं."

"मला माहीतच होतं!" ओर्नेला हसली. "तुझं ठीक आहे गं, तू सुटलीस एकदाची. बाबांनाच जड जाईल. सवय आहे त्यांना गावाची. त्यांना जरा सांभाळून घे."

"घेते," निल्दे म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि जेरोलामोला उठायला हात दिला.