रडण्याचं उत्तर

मी समाजशास्त्र शिकवते. सत्ता, वंश, राष्ट्रवाद, सामाजिक चळवळी हे माझे धडे. कॉलेज तालुक्याला आणि घर सीमाभागात, हुलसूरच्या अलीकडच्या एका गावात. वर्गात सुरुवात कन्नडमध्ये करते, पोरांच्या डोळ्यांवर झापड आली की मराठीत येते, आणि मागच्या बाकावरच्यांना दखनी उर्दूत दटावते. तीन भाषांचं काम, पगार मात्र एकच.

घरी आई आणि मी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं लोकांनी माझ्यापेक्षा जास्त शोधली आहेत. आमच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली, मग मी. शेजारी अक्का. त्यांचं लिंगायत घर, धान्याचा व्यापार, चुलीपाशी कन्नड. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी होती, दोन वाट्या जातील एवढी. इकडून चुक्याचं वरण जायचं, तिकडून शेंगांची होळगी, शेंगदाण्याची गोड पोळी, यायची. आई मराठीत बोलायची, अक्का कन्नडमध्ये उत्तर द्यायच्या, आणि कडाक्याचं भांडण झालं तरी कुणाचं काही अडायचं नाही.

वंशाचा धडा शिकवताना मला ती खिडकी आठवायची. दोन्ही बाजूंना तेच नाक, तोच रंग, तीच उन्हानं रापलेली कातडी. माणसाला परकं ठरवायला अंगावर काही सापडलं नाही, तर बाहेर काहीतरी उभारावं लागतं, असं मी पोरांना सांगायचे. आमच्या गावानं कमान उभारली.

गावात शिरताना रस्त्यावर स्वागताची कमान. सिमेंट वाळायच्या आत वाद पेटला, वर कन्नड की मराठी? एकाखाली एक लिहा म्हटलं, तर खाली कुणी यायला तयार नाही. दोन्हीकडच्या पोरांनी झेंडे काढले. आमच्या बाजूची पोरं माझ्याकडे आली. "मॅडम, तुमी चळवळ शिकवायलाव की. आज बोलल्याबिगर सोडत न्हाई."

मी बोलले. ज्याच्या भाषेत कचेरी बोलते त्याला सत्ता मिळते आणि बाकीच्यांनी आयुष्यभर दुभाषा शोधत फिरायचं, हे मी त्या सभेत सांगितलं. यातला एक शब्दही मागे घ्यावा असं मला आजही वाटत नाही. आईनं कचेरीच्या पायरीवर कन्नड कागद वाचून घेण्यासाठी किती जणांच्या विनवण्या केल्या, ते मी पाहिलं आहे. टाळ्या पडल्या. पण सभा उठल्यावर पोरं घोषणा देत आमच्या गल्लीत शिरली, आणि अक्कांच्या दारासमोर कुणीतरी ओरडलं, "परक्यांनो, परत जावा!" अक्का दारात उभ्या होत्या. दोन्ही हात पिठानं भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीला पलीकडून प्लायवूड ठोकलेलं होतं.

मी म्हटलं, राहू दे. घोषणा मी दिलेली नाही, मग मी कशाला हात जोडू? स्वाभिमान आमच्या घरी धान्यासारखा साठवून ठेवलेला असतो. आई मात्र रोज संध्याकाळी वाटी भरून त्या फळीसमोर उभी राहायची आणि तशीच परत आणून ठेवायची. मग ती आजारी पडली.

अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकच धोशा लावला. "अक्का आली व्हती का गं?" मी नाही म्हणायचे. एका दुपारी ती म्हणाली, "माझ्या मयताला कोन रडंल? तुला तर रडता येत न्हाई. तुझ्या बापाच्या वक्ताला बी भिताडाला टेकून गप बसलीस, परीक्षेला बसल्यावानी."

आमच्याकडचं रडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मयताच्या घरी आलेली बाई आधी घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि हेल काढून, शब्द जोडून रडते. मेलेल्या माणसाचं सगळं त्यात येतं, आणि जिवंत माणसांविषयीच्या तक्रारीही येतात. रडण्यात बोललेलं मनाला लावून घ्यायचं नाही, आणि त्याला साध्या बोलण्यात उत्तर द्यायचं नाही. रडण्याचं उत्तर रडण्यातच. आजी गेली तेव्हा आईनं धाकट्या जावेच्या गळ्यात पडून, बाळंतपणात तिनं दुधाचा तांब्या कसा लपवला होता, ते भर गर्दीत रडून सांगितलं. जावेनं तिथल्या तिथं रडत आपली बाजू मांडली. दोघींनी नाकं पुसली आणि पुढच्या संक्रांतीला एकत्र बसून तीळ भाजले. वर्षांचं तुंबलेलं एका दुपारी वाहून गेलं. मी हे वर्गात विधी म्हणून शिकवते. पोरं लिहून घेतात.

आई गेली ती सकाळी. घर भरलं. राजेश्वरहून मामा आले, चिंताकीहून मावशी आली. कमानीची पोरं आली आणि न सांगता कामाला लागली, ते मी विसरणार नाही. पण गल्लीतल्या कानडी घरांतून कुणीच नाही. आईला न्हाऊ घातलं, तरी शेजारचं दार बंदच. मला राग आला, मग राग गेला आणि नुसती भीती उरली. आईनं एकच माणूस मागितलं होतं आणि ते माझ्यामुळे येणार नाही, ही भीती.

तिरडी उचलायच्या आधी अक्का आल्या. इतकी वर्षं त्या मागच्या परड्यातून यायच्या; आज पाहुणीसारख्या पुढच्या दारानं आल्या. बायकांनी वाट करून दिली. त्या सरळ माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी हेल काढला. मराठीत.

"यव्वा गं वैनी, हाक न मारता कशी गेलीस गं... तुझ्या हातचं वरण खाऊन माझी लेकरं वाढली गं वैनी... तुझ्या लेकीनं माईक धरला गं, मला परकी केली गं... माझ्या दारावरनं जावा म्हनत गेली गं मानसं... कुठं जाऊ गं वैनी, माझं माहेर हितंच, सासर हितंच... तू बी गप ऱ्हायलीस गं वैनी..."

मग त्या थांबल्या. हात माझ्या गळ्यातच. सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या, कारण आता पाळी माझी होती. माझ्या डोक्यात काय यावं? 'सभेचा संदर्भ वेगळा होता.' तोंड उघडलं तर खोकल्यासारखा आवाज निघाला. अक्कांनी वाट पाहिली. मग हात काढले, पदरानं डोळे पुसले, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि निघून गेल्या.

आता रस्त्यात भेटल्या की त्या विचारतात, "जेवलीस का?" बसस्टँडवर अनोळखी बाईला विचारावं तसं. मीही हो म्हणते. एकदा थांबून समजावायला गेले, "अक्का, त्या दिवशी..." त्यांनी हात वर केला. "झालं ते झालं, बाई." साध्या बोलण्यात उत्तर चालत नाही, हे मी विसरलेच होते. कमान अजून कोरीच आहे. तिच्या सावलीत शेरडं बसतात. शाळेची बस तिच्याखालून जाते आणि पोरं तिन्ही भाषांत शिव्या देतात.

आणि मी घरी येते, कुलूप काढते, एकटीपुरती भाकरी थापते. मला फार एकटं वाटतं. ज्याला हे सांगावं ते माणूस भिंतीपलीकडेच आहे.

मावशीला फोन करून विचारलं, हेल कसा काढायचा. ती म्हणाली, "कामून? कालिजात आता हे बी शिकवायलाव का?" पण शिकवलं तिनं. मग माझं उत्तर हळूहळू जुळत गेलं. आईची वाटी, अक्कांचे पिठाचे हात, माझी चूक नसताना लागलेली बोच, सगळं सुरात बसलं. तेव्हा लक्षात आलं की ते म्हणायला मयत लागतं. आमच्या घरात आता मरायला माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणजे हे उत्तर मी अक्कांच्या मयतालाच देऊ शकणार, आणि तेव्हा ऐकायला अक्काच नसणार.

परवा संध्याकाळी खिडकीखाली भांडी घासत होते. घरात मयत नसताना हेल काढणं अशुभ, हे मला माहीत आहे. तरी सुरू झालं. आधी तोंडातल्या तोंडात, मग थोडं वर. "अक्का गं, तुमच्या दारावरनं गेली ती मानसं मी बोलावली न्हाईत गं... पर फळी बघून माझी माय वाळली गं अक्का..."

पलीकडचा नळ बंद झाला.

"कोन गेलं गं?" फळीमागून अक्कांचा आवाज आला.

मी दचकले. "कुनी न्हाई, अक्का. मागचंच हाय. ऱ्हायलेलं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मग जरा मोठ्यानं रड की. अर्धंच ऐकू यायलंय."