घटी बसलेली आत्या

आमच्या गावची देवी गावाबाहेर, ओढ्याच्या काठी. का, तर म्हणे जुन्या काळी लोकांनी तिला गाडीत घालून गावात आणायचं ठरवलं आणि ओढ्यापाशी बैलांनी गुडघेच टेकले. चाबूक मोडले, पण देवी काही हलली नाही. लोक ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. मला मात्र तिचा अजून राग येतो, कारण तिच्यापायी माझी आत्या जिवाला मुकली असती.

निजामाच्या राजवटीतलं ते शेवटलं नवरात्र. आत्याचे यजमान सरकारविरुद्ध काम करायला हद्दीपलीकडं गेल्ते आणि कित्येक महिने त्यांची खबर नव्हती. ते सुखरूप यावेत म्हणून आत्या देवळात घटी बसली. घटी बसलेल्या बाईनं दसऱ्यापर्यंत देऊळ सोडायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही. मधेच उठली की नवस मोडला. मी तिला रोज फराळाचं नेऊन द्यायचे.

सातव्या माळेला दुपारी परतूरकडून एक गाडीवान बोंबलतच आला, "निजामाची धाड येऊन राह्यली! जल्दी निघा!" सगळं गाव ज्वारीत पळालं. वडील मला ओढत देवळात शिरले.

"ऊठ, बाई."

"न्हाई उठायची. मी उठले अन् त्यांचं काही बरंवाईट झालं मंग?"

"अगं, तूच न्हाई राह्यली तर?"

"देवी हलली न्हाई, दादा. मी कशी हलू?"

वडील चक्क तिच्या पाया पडले, धाकट्या बहिणीच्या! ओढ्यापलीकडं धूर दिसायला लागला. तेवढ्यात वडील खाली बघत म्हणाले, "तुला सुतक हाय. पाव्हणे वारले. कालच खबर आल्ती. तुझा घट मोडू नये म्हणून दाबून ठेवली."

सुतकातल्या बाईला घटापाशी बसता येत नाही. आत्या रडली नाही. उठली, चौकटीवर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि आमच्या मागं चालू लागली.

ज्वारीत शिरल्यावर वडिलांनी हात जोडले. "माय, खोटं बोललो मी. पाव्हण्यांची काहीच खबर न्हाई." आत्यानं पदराला पुसलेलं कुंकू बोटानं पुन्हा कपाळी लावलं. देवळाचं दार फोडल्याचा आवाज तिथवर आला. माझ्या बापानं बहीण वाचवली, कुणी काही म्हणो!

पुढल्या साली निजामशाही गेली. हद्दीपलीकडं गेलेली माणसं घरी आली, आत्याचे यजमान आले नाहीत. ते तापानं गेल्याचं त्यांच्या सोबत्यानं येऊन वडिलांना सांगितलं. शेवटी ते आत्यापुढं जाऊन बसले.

"पाव्हणे वारले, बाई."

आत्या डाळ निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"आता कुठून उठवून राह्यलास मला, दादा?"

आत्या मरेपर्यंत कुंकू लावत राहिली.